फुगवट्याच्या काठाने, द्राक्षबागांमधून: नारायणगाव परिसरातल्या कच्च्या वाटांवर पहिल्यांदा सायकल नेणाऱ्यांसाठी

पुणे ते नारायणगाव साधारण पंचाहत्तर किलोमीटर. त्यातलं चाकणपर्यंतचं अंतर मी सायकलवरून एकदाच कापलं आणि पुन्हा कधी नाही असं ठरवलं. कंटेनर, कंपन्यांच्या बस, उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाक्या. नारायणगावात पोचेपर्यंत अंगातला जीव संपला होता, आणि जे पाहायला आलो होतो त्यासाठी काही उरलं नव्हतं.

ते पाहण्यासारखं काय आहे? जुन्नर तालुक्यात कुकडी प्रकल्पाची धरणं, त्यांचे कालवे आणि त्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या द्राक्षबागा आहेत. बागांमधून मुरमाच्या आणि मातीच्या वाटा जातात. सकाळी आठच्या सुमारास तिथे तासाभरात एखादा ट्रॅक्टर, दुधाची किटली लावलेली एखादी मोटारसायकल आणि शाळेला निघालेली पोरं, एवढीच रहदारी. पुण्याच्या वाट्याला खाडी नाही, पण धरणाचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागे लांबवर पसरलेलं पाणी, आहे. हिवाळ्यात पाणी हळूहळू उतरतं, काठाला गाळाची पट्टी उघडी पडते, तिच्यावर पाणपक्षी उतरतात. असा काठ आणि वेलींच्या रांगा एकाच सकाळी बघायच्या असतील तर इकडे या.

मी सुरुवात केली तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं, त्यामुळे बऱ्याच चुका केल्या. तुमच्या त्या टळाव्यात म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

१. आधी महिना ठरवा, मग सायकल

नवीन माणूस आधी सायकल विकत घेतो आणि मग दिसेल त्या रविवारी निघतो. या भागात ऋतू चुकला की सायकल कितीही चांगली असली तरी निरुपयोगी ठरते.

पावसाळ्यात जाऊ नका. मुरमाची वाट पावसातही चालते, काळी माती चालत नाही. माझ्या पहिल्या वर्षी ऑक्टोबरात आदल्या रात्री एक सर पडून गेली होती. सकाळी लख्ख ऊन, म्हणून मी निघालो. पहिल्या दोनशे मीटरमध्येच चाक आणि ते धरणारा सायकलचा चिमटा (फोर्क) यांच्यामधे माती अशी बसली की चाक फिरेना. ढकलतही येईना. सायकल खांद्यावर घेऊन जवळजवळ तीन किलोमीटर चाललो. एका मावशींनी बांधावरून हाक मारून खुरपं दिलं, तेव्हा कुठे माती निघाली. पाऊस पडून गेला असेल तर काळ्या रानात कमीत कमी दोन दिवस कडक ऊन पडू द्या.

द्राक्षाचं वर्ष समजून घेतलं तर तारीख निवडणं सोपं जातं. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी होते. तिच्यानंतरचे दीड-दोन महिने बागाईतदाराच्या जिवाला घोर असतो: डावणी आणि भुरी हे वेलीचे रोग, शिवाय अवकाळी पाऊस. या काळात औषधाच्या फवारण्या एकापाठोपाठ एक चालू असतात, त्यामुळे बागांच्या वाटा टाळलेल्या बऱ्या. जानेवारीपासून मालात पाणी उतरतं, म्हणजे मणी मऊ होऊन गोडी भरू लागते, आणि मार्च-एप्रिलपर्यंत तोडणी चालते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी होते. मग बाग उघडीबोडकी दिसते आणि ऊनही सोसवत नाही.

माझं मत विचाराल तर जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीची अखेर. थंडी असते, वाटा कोरड्या असतात, घड भरलेले असतात आणि फुगवट्यावर पक्षी असतात.

२. आहे ती सायकल चालेल, टायर मात्र बघा

ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या वाटांसाठी रुंद टायरची, असेल तर उत्तमच. नसेल तर एमटीबी (डोंगरी सायकल) किंवा हायब्रिड चालेल. अरुंद टायरची रोड सायकल मात्र आणू नका. मुरमाच्या बारीक गोट्यांवर ती पुढच्या चाकातून निसटते.

टायर ४० मिलिमीटरच्या आसपास रुंद हवेत, ३५ च्या खाली नकोत. हवेचं गणित नवीन लोक हमखास चुकवतात. शहरात कडक हवा भरायची सवय असते आणि इथे तीच नडते, कारण सायकल प्रत्येक खड्यावर उसळते आणि हात भरून येतात. ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर आणि साधारण पासष्ट-सत्तर किलो वजन असेल तर ३२ ते ३५ पीएसआय (पंपावर दिसणारा हवेच्या दाबाचा आकडा) पुरे. ट्यूब असेल तर ४० ते ४५ ठेवा, नाहीतर दगडाच्या कडेवर ट्यूब चेपून फुटते. मागच्या चाकात दोन पीएसआय जास्त.

३. काट्यांची तयारी

या भागात तुमची फेरी मोडली तर बहुधा काट्यामुळेच मोडेल. काटे दोन प्रकारचे. बाभळीचा काटा लांब आणि टणक असतो, शेताच्या कुंपणाला लावलेल्या काटेरी फांद्यांच्या फासातून वाटेवर येऊन पडतो. दुसरे सराटे. जमिनीलगत पसरणारी वेल, पिवळी फुलं आणि चारी बाजूंनी टोकदार फळं. एका वेळी सात-आठ चिकटतात. वाटेच्या कडेला हिरवी चटई दिसली की मधल्या चाकोरीतच राहा. फोटोसाठी सायकल कडेला गवतात आडवी टाकू नका. मी एका सकाळी दोन्ही चाकं तशीच घालवली आहेत.

जमत असेल तर टायर ट्यूबलेस करून घ्या. प्रत्येक टायरमध्ये साधारण ६० मिली सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव. पुण्याच्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला नवीन भरा. ट्यूबलेसमध्ये काटा दिसला तर तो वाटेत उपटू नका. काढला की भोक उघडं पडतं. घरी येऊन काढा आणि चाक फिरवून सीलंट बसू द्या.

ट्यूब असेल तर उलटं करायचं. पंक्चर झालं की नवीन ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवा. उघडं बोट फिरवू नका, रक्त येतं. कापड जिथे अडकेल तिथे काटा. तो चिमट्याने काढला नाही तर नवी ट्यूबही शंभर मीटरवर बसते.

४. वाट शोधायची कशी

आधी शब्द ओळखा, कारण गावात रस्ता विचारताना हेच कामी येतात.

पाणंद: दोन बाजूंच्या शेतांमधून जाणारी वाट. शिवरस्ता: दोन गावांच्या हद्दीवरून जाणारा. गाडीवाट: बैलगाडीसाठीची. चारी: मोठ्या कालव्यातून निघालेला छोटा पाट, त्याच्या कडेने बहुधा मातीची वाट असते. बांध मात्र वाट नव्हे. बांध ही दोन शेतकऱ्यांमधली हद्द असते आणि तिच्यावरून कोर्टकचेऱ्या झालेल्या असतात. तिच्यावर सायकल घालू नका.

गावाच्या मूळ नकाशात गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवलेला असतो आणि पायमार्ग एका तुटक रेषेने. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ फूट धरलेली असते. नकाशावर असलेली वाट जागेवर असेलच असं मात्र नाही. बऱ्याच पाणंदी नांगरात गेल्या आहेत किंवा वेड्या बाभळींनी गिळल्या आहेत.

म्हणून माझी पद्धत अशी. घरी उपग्रहाचं चित्र उघडतो आणि वाट पिवळसर दिसते की काळसर, ते बघतो. पिवळसर म्हणजे बहुतेक मुरूम. मधे हिरवी रेघ आणि दोन बाजूंना चाकोऱ्या दिसल्या तर ट्रॅक्टर नियमित जातो, म्हणजे वाट जिवंत आहे. मग ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या मोफत नकाशावर तीच वाट कच्चा रस्ता म्हणून नोंदवली आहे का ते पाहतो. दोन्ही जुळलं की मार्ग आखतो आणि नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घेतो. खोलगट भागात रेंज जाते.

नकाशात वाट एखाद्या घराच्या अंगणापाशी संपत असेल तर ती सोडून द्या, पुढे चित्रात कितीही सुंदर पाणी दिसत असलं तरी. ते त्यांचं अंगण आहे.

आणि शेवटी माणसाला विचारा. "दादा, ही पाणंद पुढं निघते का?" एवढंच. "निघते, पण गाडी जायाची नाही" असं उत्तर आलं तर खुशाल जा, सायकल जाते. "पुढं बंद केलीय" असं आलं तर वाद न घालता वळा. बंद करण्यामागे भावकीचा तंटा असू शकतो आणि त्यात आपलं काही काम नाही.

५. सोबत काय हवं

हत्यारं आणि सामान:
- हातपंप. हवा भरायचा गॅसचा छोटा डबा एकदाच चालतो, काटे एकदाच येत नाहीत
- दोन ट्यूब (ट्यूबलेस असलं तरी एक), टायर रिममधून काढायचे लिव्हर, ट्यूबलेसचं भोक बुजवायचे प्लग
- छोटा चिमटा, कापडाची चिंधी
- चेन तोडायची सोय असलेलं मल्टीटूल आणि चेनची जोडकडी
- माती खरवडायला बांबूची किंवा प्लॅस्टिकची पट्टी
- कमीत कमी दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की
- हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे, फवारणीच्या वासासाठी रुमाल
- मागचा लाल दिवा, कारण मधे थोडा डांबरी रस्ता लागतोच

कागदपत्रं:
- आधार किंवा दुसरं ओळखपत्र, छायाप्रत चालेल
- रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, पिशवीत ठेवू नका, अंगावर ठेवा
- सायकलच्या बिलाचा आणि फ्रेम नंबरचा फोटो

फोन नंबर: रुग्णवाहिका १०८, आपत्कालीन ११२, वनविभागाची हेल्पलाइन १९२६.

सुटे पैसे ठेवा. बागेत द्राक्षं घेताना फोनला रेंज असेलच असं नाही.

६. पहिली फेरी: ओझर, येडगावचा फुगवटा, खोडद

सायकल गाडीवर लादून पहाटे निघा. मागे लावायचा स्टँड असेल तर नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाणार नाहीत असा लावा, तेवढ्यासाठीही दंड होतो. साडेपाचला शिवाजीनगर सोडलं तर चाकण मोकळं मिळतं. नारायणगावात चहाच्या हॉटेलवाल्यांना विचारून गाडी लावा, आणि चहाही तिथेच घ्या. हे तमाशाचं गाव. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्या. गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रांच्या सुपाऱ्या द्यायला येतात.

पहिला टप्पा ओझरकडे. अष्टविनायकातला विघ्नेश्वर इथला, आणि मंदिर येडगाव धरणाच्या पाण्याकाठी आहे. इथला सापळा म्हणजे पंचांग! संकष्टीला, सलग सुट्ट्यांत आणि माघी गणेशोत्सवात गाड्यांची रांग लागते. शांत वाटेसाठी आला असाल तर आधी कॅलेंडर बघा आणि जमलं तर मधला वार निवडा.

ओझरच्या पुढे काठाकाठाने जाणाऱ्या कच्च्या वाटा शोधा. इथे एक सूचना मनापासून करतो: उघड्या पडलेल्या गाळावर सायकल घालू नका. वरून भेगाळलेला आणि कोरडा दिसतो, दोन-तीन इंचांखाली लोणी असतं. चाक रुततं आणि पाठोपाठ पायही. शिवाय पाणी हटल्यावर या जमिनीवर गाळपेर करतात. जे ओसाड वाटतं ते कुणाचं तरी पेरलेलं रान असतं. पक्षी बघायचे असतील तर काठावर सायकल उभी करा आणि पंधरा मिनिटं हलू नका. हलणाऱ्या माणसापासून ते दूर सरकतात आणि थांबलेल्याच्या जवळ परत येतात.

दुसरा टप्पा खोडद, नारायणगावच्या पूर्वेला साधारण दहा किलोमीटर. वेलींच्या मांडवावरून एकदम पांढरी महाकाय तबकडी वर येते तेव्हा थांबावंच लागतं. ही जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. एकूण ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा खोडदजवळच्या मध्यभागात, उरलेल्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या भुजांवर. बारीक तारांच्या जाळीने विणल्यामुळे वारा त्यांच्यातून आरपार जातो. एवढ्या मोठ्या असून त्या हलक्या दिसतात त्या म्हणूनच. आवारात परवानगीशिवाय जाता येत नाही. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास इथे लोकांसाठी प्रदर्शन असतं. त्या वेळी गर्दी असते, पण मुलांना घेऊन यायचं तर तेव्हाच.

पहिल्या दिवशी सगळं मिळून तीस-पस्तीस किलोमीटर पुरे. कच्च्या वाटेवरचा एक किलोमीटर डांबरीवरच्या दोनाइतका धरा.

७. कालव्याच्या कडेने जाताना

येडगावपासून कुकडीचा डावा कालवा पूर्वेला पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जातो. त्याच्या कडेची वाट सपाट आणि मोकळी, म्हणून मोह होतो. ही वाट जलसंपदा विभागाची, कालव्याच्या देखभालीसाठी आहे. फाटकाला कुलूप किंवा मनाईची पाटी असेल तर तिथून परत फिरा.

जिथे वहिवाट आहे तिथेही पाण्यापासून लांबच्या चाकोरीत राहा. काँक्रीटच्या उतारावर शेवाळ असतं. आत घसरलेल्या माणसाला वर येता येत नाही, पोहता येत असलं तरी. पाण्याची बाटली भरायलाही खाली उतरू नका.

आवर्तन सुटलेलं असेल, म्हणजे कालव्याला पाणी असेल, तर शेतकऱ्यांचे पाइप वाटेवर आडवे पडलेले असतात. उतरून सायकल उचलून पलीकडे न्या. चाक जोरात आदळलं तर पाइप तडकतो आणि त्याचं पिकाचं पाणी जातं. आणखी एक: शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते, म्हणजे पाण्याच्या मोटारी रात्री चालतात. त्यामुळे काल कोरडी असलेली वाट सकाळी चिखलाची सापडू शकते.

८. बागेपाशी

या वाटांवरची शांतता टिकवून धरणारे बागाईतदार आहेत. आपण तिथे पाहुणे. मी हे एका आजोबांकडून शिकलो. त्यांच्या बागेच्या कडेला एक घड हातात धरून मी फोटो काढत होतो. ते आले, ओरडले नाहीत. म्हणाले, "हात लावला की वरची लव जाते, बाबा. मग हा घड पेटीत बसत नाही." मण्यावर पांढुरकी लव असते ना, ती मालाच्या ताजेपणाची खूण. बोट लागलं की डाग उमटतो आणि मग दर पडतो. वर्षभर राबून, कर्ज काढून वाढवलेला घड माझ्या एका फोटोसाठी बाद झाला होता. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळतो, तुम्हीही पाळा. मांडवाखाली बोलावल्याशिवाय जायचं नाही. घडाला हात लावायचा नाही. तोडून खायचं तर नाहीच, कारण शेवटची फवारणी कधी झाली ते आपल्याला माहीत नसतं. शिवाय निर्यातीच्या बागेत औषधाच्या अंशांची तपासणी इतकी कडक असते की अनोळखी माणूस आत दिसला तरी मालकाला काळजी वाटते.

ट्रॅक्टरमागे ब्लोअर लावून फवारणी चालू असेल तर शंभरेक मीटर आधी थांबा आणि वारा कुठून येतो ते बघा. वारा तुमच्याकडे असेल तर मागे फिरा. चालकाला ब्लोअरच्या आवाजात घंटी ऐकू येत नाही.

द्राक्षं हवी असतील तर विचारा. तोडणी चालू असलेल्या बागेत किलो-दोन किलो आनंदाने देतात. भाव करत बसू नका. जंबो ही काळी लांबट द्राक्षाची जात मिळाली तर नक्की घ्या, ती जुन्नर भागाची खासियत आहे.

९. बिबट्या आणि कुत्री

जुन्नर तालुक्यात उसात बिबटे राहतात, पिल्लंही उसातच वाढवतात. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, ते उगाच नव्हे. ऊसतोड चालू असते त्याच महिन्यांत आपण सायकल घेऊन येतो, आणि उसाचा फड तुटला की बिबट्या जागा बदलतो. म्हणून सूर्य वर आल्यावरच सुरुवात करा, पाचच्या आत गाडीपाशी परत या. एकटे जाऊ नका. उसाच्या दोन फडांमधल्या अरुंद वाटेत लघवीला बसू नका, कारण बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. कानात गाणी नकोत. गावकऱ्यांनी "तिकडं जाऊ नका" म्हटलं तर कारण न विचारता दुसरी वाट धरा.

मेंढरांच्या कळपाबरोबरची कुत्री राखणदार असतात आणि आपलं काम करतात. पळत्या सायकलमागे ती धावतातच. उतरा, सायकल मधे धरा, चालत जा. मेंढपाळाला हाक मारली की तो कुत्र्याला परत बोलावतो.

१०. दुसऱ्या हिवाळ्यासाठी भिगवण

इथली सवय झाली की भिगवणला जा. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा इतका पसरट आहे की पलीकडचा काठ पुसट दिसतो. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. कुंभारगावात स्थानिक नावाडी होडीतून दाखवतात. उथळ पाणी, सपाट काठ, वारा. परतीला हमखास समोरून वारा येतो, म्हणून निम्म्याहून जास्त दम राखून वळा. सावली जवळपास नाही. भिगवणला रेल्वे स्टेशन आहे. सायकल गाडीत न्यायची असेल तर पार्सल कार्यालयात आदल्या दिवशी विचारून घ्या.

११. परतल्यावर

सायकल वॉशिंग सेंटरवर जोरदार फवाऱ्याने धुऊ नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. माती सुकू द्या, ब्रशने झाडा, मग ओल्या फडक्याने पुसा. चेन कोरडी करून थेंब थेंब तेल. दोन्ही टायर हळू फिरवून काटे मोजा. पहिल्या वेळी माझे अकरा निघाले होते.

मग नकाशा उघडा. जिथे वाट बंद होती तिथे खूण करा. तुमची फेरी स्ट्राव्हावर (फेऱ्यांचे मार्ग नोंदवून इतरांना दाखवणारं ॲप) टाकत असाल तर कुणाच्या खळ्यातून किंवा मांडवालगतच्या खासगी वाटेने गेलेला तुकडा कापून टाका. त्या आजोबांनी मला बागेच्या कडेने जाऊ दिलं, कारण मी एकटा होतो आणि विचारून गेलो होतो. माझ्या रेषेवर बोट ठेवून पुढच्या रविवारी तिथे वीसजण न विचारता आले, तर ते तिथे काट्यांचा फास लावतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.